उशापायथ्याच्या फळ्या

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही मन्तशानं पाठवली. ती माझी नात, लेकीची मुलगी, पुण्याला लागून सूसला राहते. सोबत निरोप होता, "नाना, फोन दिवसातून एकदाच. बाकीचं सगळं ह्यात लिहायचं." मी फार फोन करतो असं त्यांच्या घरात ठरलेलं दिसतंय. मी कामापुरताच करतो. परवा मिठाचा डबा सापडेना म्हणून केला. सापडला, ते सांगायला केला. दोन्ही वेळा दिलशादनं उचलला नाही, तेव्हा तिला काही झालं तर नाही ना, हे विचारायला केला. यात बिनकामाचा कुठला?

दिलशाद म्हणजे माझी बायको. तिचे गुडघे फार दुखायला लागले म्हणून आमची लेक फरहत तिला सूसला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरानं महिनाभर व्यायाम आणि शेक सांगितला होता. महिना कधीच उलटला. ती अजून तिथंच आहे आणि मी इथं पौडला. मी घाई केलेली नाही. आपण होऊन ये म्हणणं बरं दिसत नाही. तिला वाटायचं, ह्याचं काहीतरी अडलंय.

काही अडलेलं नाही. आज आमटीत मीठ दोनदा पडलं, एवढंच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कारण सापडलं. आज फोनवर धीर करून विचारलं, "तितं एवढं हाय तरी काय?"

म्हणाली, "पलंग हाय. मागं टेकायला फळी हाय, पायाकडं बी फळी हाय. सकाळी तिला धरून उठते, कुणाला हाक मारावी लागत न्हाई. आपल्या हितं काय? लोखंडी खाट आन् मागं गार भिंत."

एवढी साधी गोष्ट, आणि मी रोज काय काय मनात आणत होतो. उशाला एक फळी, पायथ्याला एक फळी. खाट तीच. जन्मभर पिठाची गिरणी चालवली, पट्टे बदलले, दगडाला टाकी लावली. मला दोन फळ्या जड नाहीत. तिला आधी सांगायचं नाही. झाल्यावर सांगायचं.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "अजून काय?" मी म्हटलं, "अजून काय न्हाई." मग ती बराच वेळ गप्पच. सूसला मोठमोठ्या इमारती झाल्यात, रेंज जात असणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

लाकूड घरचंच आहे. गिरणी बंद केली तेव्हा गाळा मोबाईलवाल्याला दिला आणि त्यानं शटर बसवलं. जुनं सागवानी दार तेव्हापासून परसात उभं आहे. ते, सुटी केलेली खाट आणि गादी, सगळं बोळाबाहेर नेऊन टेम्पोनं जयसिंगच्या गोठ्यात नेलं. घरी करवत चालवली असती तर शेजारणींनी तासाभरात सूसला कळवलं असतं.

जयसिंग माझा शाळेपासूनचा दोस्त. बाजारपेठेच्या पलीकडच्या टोकाला राहतो. म्हशी विकल्या, आता गोठ्याच्या खोल्या करून भाड्यानं द्यायचं म्हणतोय, पण त्याचं मन होत नाही. दाराकडं बघून म्हणाला, "आन् इतकं करून वहिनी आल्याच न्हाईत तर? बायकू बी गेली आन् दार बी गेलं."

हे मला लागलं. कारण मी तेच म्हणत होतो, फक्त मनात.

रत्नाबाई, म्हणजे त्याची बायको, आतून म्हणाली, "भाईंना करू द्या. तुमी आजवर माझ्यासाठी बसायला पाट तरी ठोकलाय का?"

जयसिंग उठला. शेजारून करवत मागून आणली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज भांडण झालं, आणि माझी चूक कुठं ते मला अजून कळलेलं नाही.

उशाची फळी किती उंच करायची? टेकल्यावर डोकं वर राहिलं तर मान अवघडणार. म्हणून आजचा फोन त्याच कामाला वापरला. विचारलं, "बसल्यावर तुझं डोकं खाटेपासून किती वर येतं?"

"का?"

"असंच. आन् खांद्याची रुंदी?"

मग म्हणाली, "कफनाचं माप घेताय का? जित्ती हाय मी अजून." आणि ठेवला.

मग फरहतचा फोन. "अब्बा, अम्मीला काय बोललात? ती जेवत नाहीये." मी म्हटलं, मी फक्त खुशाली विचारली.

शेवटी रत्नाबाई खाटेवर बसल्या आणि मी मागून पट्टी धरली. जयसिंग दारातून म्हणतो, "थोडं वजा कर रं. माझी बायकू तुझ्या बायकूच्या दीडपट हाय." रत्नाबाईंनी त्याला दुपारचा चहा दिला नाही. मला दिला.

२ डिसेंबर, मंगळवार

दाराच्या पट्ट्या सुट्या केल्या आणि रंधा मारायला घेतला. पहिल्यांदा लाकडाचा भुसा निघालाच नाही. फटींतून पीठ आलं. ज्वारीचं असावं. इतक्या वर्षांचं पीठ, पण अळी नाही, जाळी नाही. सागवानाची कमाल.

नंतर भुसा पडायला लागला. तो दोन बोटांत चोळून पाहिला. जाडसर पडत होता, म्हणून पातं थोडं वर घेतलं. जयसिंग म्हणाला, "भाकरी थापायची हाय का त्याची?"

एका पट्टीवर कमरेच्या उंचीला एक जागा नुसती गुळगुळीत झालीय. रंधा न मारता. दिलशाद तिथं टेकून बायकांचे डबे घ्यायची, त्यानं झिजलं असेल. ती पट्टी रंधा न मारता तशीच ठेवली. तेवढीच मेहनत वाचली.

६ डिसेंबर, शनिवार

उशाची फळी उभी राहिली. तीन दिवस घासून आरशासारखी केली. काल खाटेच्या पायांना लावून पाहिली, तर छिद्रं अशी पाडलीत की गुळगुळीत बाजू भिंतीकडं आणि खडबडीत बाजू माणसाकडं. भिंतीला फार सुख झालं असतं.

जयसिंग हसला नाही. तेव्हाच ओळखलं की चूक मोठी आहे. आता दुसरी बाजू घासतोय.

९ डिसेंबर, मंगळवार

मन थाऱ्यावर नाही. काल फरहत म्हणाली, "अब्बा, तुम्हीच का येत नाही इकडे राहायला? अम्मीचं छान चाललंय." छान म्हणजे काय ते विचारलं. सकाळी सोसायटीतल्या बायकांबरोबर बागेत चालते. लिफ्ट एकटीनं चालवते. बुधवारी पाणीपुरी खाल्ली.

गुडघे दुखणाऱ्या बाईला लिफ्ट मिळाल्यावर ती पौडच्या पायऱ्या कशाला चढेल? मी एवढं लाकूड घासतोय ते कुणासाठी? आज काम करताना सारखं हेच. फळ्या होईपर्यंत काम तरी आहे. झाल्या आणि ती आली नाही, तर मी त्या दोन फळ्यांच्या मधे एकटा निजणार. त्यापेक्षा जुनी खाट बरी होती. तिला बघून काही आठवायचं नाही.

आज फोन केला नाही. मन्तशानं एकदाच म्हटलंय, करायलाच पाहिजे असं नाही. संध्याकाळी दिलशादचाच आला. "बरे हाय ना?" "बरा हाय." "मग ठीक हाय." एवढंच बोलणं.

११ डिसेंबर, गुरुवार

झालं. पायथ्याची फळीही बसली. उशाची उंच, पायथ्याची बुटकी, धरून उठायला वर गोल काठ. लाखेचं पॉलिश केलं. गोठ्यात खाट नुसती उठून दिसते. रत्नाबाई दोनदा टेकून बसून गेल्या.

पण एक घोटाळा आहे. बोल्ट बाहेर आले होते ते पायाला लागतील म्हणून जयसिंगनं हातोडीनं ठोकून चपटे केले. मी म्हटलं, "आता सुटायचं कसं?" म्हणतो, "सोडायचं कशाला? एवढं केलंस ते सोडायला?"

म्हणजे खाट आता अखंडच न्यायची. टेम्पो आमच्या बोळात शिरत नाही, आणि बाजारात उतरवून ठेवली तर धूळ बसून पॉलिश जायचं. उद्या शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजानंतर माणसं रिकामी असतात. कुणाला तरी विचारीन.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आजचा दिवस मी विसरणार नाही. पौडच्या लोकांबद्दल मी आजवर मनात जे जे आणलं, ते सगळं मागं घेतो.

नमाज सुटल्यावर नौशादला विचारलं. त्याचं पंक्चरचं दुकान आहे, अंगात ताकद आहे. तो आणि अजून तिघं तसेच टोप्या घातलेले माझ्याबरोबर गोठ्यात आले. गादी लांबच्या लांब गुंडाळून सुतळीनं बांधली आणि खाटेवर मधोमध ठेवली. पॉलिशला धूळ लागू नये म्हणून वरून दिलशादची जुनी हिरवी चादर घातली आणि चारी कोपरे बांधले. चौघांनी खाट खांद्यावर घेतली. जयसिंग पुढं, हात वर करून गाड्या बाजूला करायला. मी मागं.

बाजारात शिरलो आणि काय सांगू. कापडवाला गादीवरून उठून उभा राहिला. हार्डवेअरवाल्यानं शटर अर्धं खाली घेतलं. ताम्हिणी घाटाकडं निघालेल्या पर्यटकांची गाडी थांबली, आतल्या पोरांनी गॉगल काढले आणि गाणं बंद केलं. हे तर झालंच, पण लोक आपण होऊन पुढं येऊन खांदा द्यायला लागले. कुणाला बोलावलं नव्हतं. चार पावलं एक चालायचा, की दुसरा त्याच्या जागी. हिंदू, मुसलमान, सगळे. ज्याच्याशी माझं दळणाच्या मापावरून बोलणं बंद होतं, त्यानंही खांदा दिला. नौशादला तर मसणवाट्याजवळच्या वळणापासून पुढं हातच लावावा लागला नाही.

मागून चालताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पॉलिशचा वास फार उग्र असतो. त्यात मनात आलं, एवढी माणसं उचलून आणतायत, आणि जिच्यासाठी आणतायत ती तिकडं पाणीपुरी खातेय. एका गृहस्थानं माझा हात धरला. हळू आवाजात विचारलं, "भाभी बरेच दिवस आजारी होत्या ना?" मी म्हटलं, "गुडघे हो. लई सोसलं तिनं." त्यानं माझा हात दाबला. त्याच्याही डोळ्यांत पाणी. गुडघ्याचं दुखणं ज्यानं पाहिलंय त्यालाच कळतं.

मशिदीपाशी एक गंमत झाली. आम्हाला मशिदीच्या अलीकडच्या बोळात वळायचं होतं. आम्ही वळलो, तर मागची बरीच माणसं सरळ मशिदीत जाऊन उभी राहिली. मी परत जाऊन म्हटलं, "चला की घरी, चहा घ्या." एकानंही घेतला नाही. पौडमधे चहा नको म्हणणारी एवढी माणसं मी एकदम पाहिली नव्हती.

खाट खोलीत बसली. भिंत आता टेकणाऱ्याला लागत नाही. संध्याकाळी शेजारून जेवणाचा डबा आला. मग दुसरा. मग तिसरा. डबा देणारी बाई नुसती पाठीवरून हात फिरवून गेली. पौडमधे लाकूडकामाची एवढी कदर असेल असं वाटलं नव्हतं.

आता दिलशादला फोन करून सांगणार होतो. पण तिचा फोन सारखा बिझी. उद्या सांगीन.

१३ डिसेंबर, शनिवार

आज काय झालं ते सगळं लिहून ठेवतो.

सकाळी दारात रिक्षा थांबली. बघतो तर दिलशाद. एकटी. हातात काठी आणि पिशवी. आल्या आल्या तिनं मला वरून खाली पाहिलं, मग खोलीत खाट पाहिली, चादर पाहिली. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कुटं पुरलं मला?"

मला कळेना. तिनं सांगितलं ते असं. काल दुपारी फरहतच्या घरी पहिला फोन आला तो दिलशादनंच उचलला. पलीकडून बाई रडत होती, तुझी अम्मी गेली म्हणून. दिलशाद म्हणाली, मी तर हितंच हाय. बाईनं फोन टाकला. मग सारखे फोन. जावयाच्या मोबाईलवर पौडच्या ग्रुपचा निरोप, फुलांच्या चौकटीत दिलशादचा फोटो. फरहत मला फोन लावत होती, पण तो लागेना, आणि मी मधल्या वेळेत दिलशादला लावत होतो.

"रात्रीच निघणार व्हते. पोरीनं सोडलं न्हाई. पहाटे कुणाला न उठवता बस धरली."

"बसनं? असल्या गुडघ्यानं?" मी रागावलो. मला राग येतोच अशा वेळी.

"मेलेल्या माणसाचे गुडघे दुखत न्हाईत."

आणि एवढ्यावर संपलं नाही. स्टँडवर उतरली तर समोर फ्लेक्स. ऋषिकेश म्हणून एक पोरगं आहे, जिल्हा परिषदेला उभं राहायचं म्हणतंय. रातोरात त्यानं बोर्ड छापून लावला. त्यावर दिलशाद छोटी, ऋषिकेश हात जोडून मोठा. दिलशादचा राग त्याच्यावर जास्त. "नावाच्या आधी कै. लिहिलंय. मरहूम लिहायचं सोडून कैलासाला धाडलं मला. आन् फोटो कुठला, तर फरहतच्या लग्नातला, जेवताना काढलेला. तोंडात घास हाय."

मी खाली मान घालून बसलो. एकेक गोष्ट आता उलगडायला लागली. शटर, गॉगल, मशिदीत जनाज्याच्या नमाजाला थांबलेली माणसं, चहा. तो हात धरणारा गृहस्थ.

मग ती म्हणाली, "एक सांगा. फोनवर एक बाई सांगत व्हती, तुमी खाटेमागं रडत चालला व्हता."

मी म्हटलं, "पॉलिश."

ती उठली, खाटेपाशी गेली आणि पायथ्याच्या फळीवरून हात फिरवला. मग फळीला धरून हळूच बसली. मी जवळ उभा होतो, लागलंच तर धरायला. धरावं लागलं नाही.

दुपारपर्यंत माणसांची रीघ. भेटायला येणारा दारातून आत बघायचा आणि उंबऱ्यातच थांबायचा, कारण समोर उशाला टेकून दिलशाद बसलेली. पहिल्या दोघी किंचाळल्या. नंतर दिलशादला मजा वाटायला लागली. प्रत्येकीला म्हणायची, "ये बस. माझ्याबद्दल काय चांगलं बोलणार व्हतीस ते बोलून घे." कापडवाल्याची बायको म्हणाली, तुमच्यासारखी शिरखुर्मा करणारी पौडात झाली नाही. दिलशाद म्हणाली, "ईदला तर म्हणाली व्हतीस, साखर जास्त झाली."

जयसिंग आणि रत्नाबाई आले. जयसिंग हसून हसून खाली बसला. म्हणतो, "वहिनी, मी पुढं हात वर करून चाललो व्हतो. मला वाटलं लोक मला मान देतायत." रत्नाबाई म्हणाल्या, "तुम्हाला कोण मान देतं? खांद्यावर असलेल्याला देतात."

ऋषिकेशही आला. बोर्ड काढतो म्हणाला. दिलशादनं सांगितलं, काढू नको, फोटो बदल आणि खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा लिही.

आत्ता ती निजलीय. दोन फळ्यांच्या मधे. पण पिशवी तिनं उघडलेली नाही. बघितलं मी. खुंटीला तशीच अडकवलेली आहे. म्हणजे ती आली ते मी कसा आहे ते बघायला, राहायला नव्हे. हे आता तिला विचारायचं कसं?

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी अजून काही लोक येऊन गेले. दुपारी घर रिकामं झालं. ती उशाला टेकून, पाय लांब करून बसली होती. मी समोर खुर्चीवर. पिशवी खुंटीला.

म्हणाली, "फरहत उद्या गाडी धाडते म्हणाली."

मी म्हटलं, "उद्या सोमवार. पिरंगुटला ट्रॅफिक लई असतं."

"मग परवा."

"परवा लाईट जाणार हाय."

लाईटचा आणि गाडीचा काय संबंध, असं कुणीही विचारलं असतं. तिनं विचारलं नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. फोनवर असतो तर मी रेंज गेली असं समजून ठेवून दिलं असतं. समोर बसलेल्या माणसाची रेंज जात नाही. मी छताकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, पॉलिशला कुठं ओरखडा गेलाय का ते पाहिलं. ती बघतच होती.

शेवटी मी म्हटलं, "नको जाऊस."

म्हणाली, "एवढंच व्हतं तर फोनवर म्हणायचं व्हतं. दीड महिना वाट बघतीय."

"फोनवर तू लगीच 'का' म्हणून विचारतीस."

मी थांबलो, आता विचारील म्हणून. काय सांगायचं ते मनात जुळवायला लागलो, आणि जुळतही नव्हतं. तिनं विचारलं नाही. फळीपाशी थोडी बाजूला सरकली, दुसरी उशी थापटून उभी केली आणि म्हणाली, "या. टेका."

टेकलो.